थंडी ओसरली, पण गोधड्या माळ्यावर टाकू नका

नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात राज्यात थंडीने चांगलाच जोर धरला होता. नाशिक, पुणे आणि खानदेशात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास आला. मालेगाव, धुळ्याच्या मोहल्ल्यांत सकाळी शेकोट्या पेटू लागल्या आणि फजरला वजूचं पाणी हाताला चटका देऊ लागलं. मग डिसेंबर उजाडला आणि चित्रच पालटलं. आभाळ भरून आलं, हवा दमट झाली, रात्री पुन्हा पंखे फिरू लागले. "एवढ्यातच हिवाळा संपला का?" असं जो तो विचारतोय.

संपलेला नाही. जे घडलं त्याचं कारण आपल्यापासून हजार किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरात आहे. तिथे तयार झालेलं 'फेंगल' चक्रीवादळ (हे नाव सौदी अरेबियाने सुचवलेलं) 30 नोव्हेंबरच्या रात्री पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं. पुदुच्चेरीत 24 तासांत 45 सेंटीमीटरहून जास्त पाऊस कोसळला. पुढे वादळाचा जोर कमी झाला, पण त्याचा उरलेला कमी दाबाचा पट्टा तमिळनाडू, कर्नाटक ओलांडून 3 डिसेंबरच्या सुमारास अरबी समुद्रात उतरला.

याचा आपल्या थंडीशी काय संबंध? आपल्याकडे थंडी येते ती उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांनी. आकाश निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते आणि पहाटे गारठा वाढतो. वादळामुळे हे उत्तरेचे वारे अडले. त्यांच्या जागी पूर्वेकडून, आग्नेयेकडून बाष्प घेऊन येणारे वारे सुरू झाले आणि ढग दाटले. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच. खालची ऊब ते वर जाऊ देत नाहीत.

मुंबईत याच वाऱ्यांनी उलटाच तडाखा दिला. तिथे दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा शहराला वाचवतो. पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा येतो आणि तोवर शहर भाजून निघतं. बुधवारी, 4 डिसेंबरला सांताक्रूझला पारा 37 अंशांच्या पुढे गेला. गेल्या 16 वर्षांत मुंबईत डिसेंबरमध्ये एवढा ताप झाला नव्हता.

आता पुढचे दिवस कसे? दक्षिण कोकण, कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि मराठवाड्याचा काही भाग इथे ढगाळ हवा आणि तुरळक पाऊस अजून एक-दोन दिवस राहील अशी चिन्हं आहेत. अरबी समुद्रातला पट्टा दूर सरकला की आकाश मोकळं होईल आणि उत्तरेचे वारे पुन्हा वाट धरतील. पुढच्या आठवड्यात रात्रीचा पारा परत उतरेल. गारठा आधी खानदेश, नाशिक आणि विदर्भात जाणवेल, मग पुणे, मराठवाड्यात. मुंबई-ठाण्याला तो शेवटी आणि कमीच मिळतो.

हवामान खात्याने याच आठवड्यात पूर्ण हंगामाचाही अंदाज दिला आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी देशाच्या बहुतेक भागांत रात्रीचं तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील, असं खातं म्हणतं. 2024 चा ऑक्टोबर तर 1901 पासूनच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. हे वाचून "मग चिंता कशाला" असं वाटेल. आम्हाला मात्र इथेच थोडं थांबावंसं वाटतं.

कारण 'थंडीची लाट' हा सरकारी शब्द आहे आणि त्याचं माप ठरलेलं आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तेव्हाच लाट मानली जाते. नेहमीपेक्षा तीन अंशांनी उतरलेल्या रात्रीला कोणी लाट म्हणणार नाही. पण यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचा विचार करा. मालेगाव असो की भिवंडी, आतमध्ये मशिनींची गरमी, घाम, कापसाचा फुफाटा. सुट्टी झाली की तो ओल्या बनियनवर पहाटेच्या वाऱ्यात निघतो. त्याच्या छातीला लाट जाहीर होण्याची वाट पाहता येत नाही. पत्र्याच्या खोलीत झोपणारी लेकरं, फुटपाथवरचे मजूर, दम्याची जुनी तक्रार असलेल्या नानी-दादी यांचंही तसंच. सरासरी हिवाळा उबदार असला, तरी त्यातल्या पाच-सात कडक रात्री याच लोकांवर येतात. शिवाय आठवडाभर ऊब आणि मग अचानक गारठा, हा हेलकावा शरीराला सलग थंडीपेक्षा जास्त जड जातो.

शेतीचं गणितही असंच आहे. घरात बसणाऱ्याला ऊब बरी वाटते, बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. नाशिक, सांगलीच्या द्राक्षबागांत ढगाळ हवेत डाऊनी आणि भुरीची भीती असते. घड पाणी धरण्याच्या बेतात असताना पाऊस पडला तर मणी तडकतात. एकेक फवारणी खर्चाची. कांद्यावर करपा, फुलावर आलेल्या तुरीवर अळी. कोकणात हापूसला मोहर यायला थंडी लागते. ती तुटली की मोहर लांबतो, आणि आलेल्या मोहरावर तुडतुडे बसतात. रत्नागिरी-रायगडात आपल्या समाजातली अनेक घरं आंब्यावर आणि मासेमारीवर चालतात. त्यांच्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे मे महिन्याच्या कमाईचा प्रश्न आहे.

म्हणून हे उबदार दिवस सुट्टीसारखे न घालवता तयारीसाठी वापरावेत, असं आमचं म्हणणं आहे. आपल्याकडे ब्लँकेट वाटप बहुतेक वेळा कडाका पडल्यावर, बातम्या आल्यावर सुरू होतं. तोवर सर्वांत वाईट रात्री निघून गेलेल्या असतात. मोहल्ला कमिट्या, जमाती, तरुणांच्या संघटना यांनी याच आठवड्यात यादी करावी: कोण उघड्यावर झोपतं, कुणाच्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कुठे तान्हं बाळ आहे. कारखानदारांनी रात्रपाळीच्या कामगाराला निघताना कोरडे कपडे बदलायला जागा दिली आणि एक कप गरम चहा दिला, तरी मोठं काम होईल.

घरातल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघरात खिडकी उघडी हवीच. दम्याच्या रुग्णांनी पंप आणि औषधं आताच भरून ठेवावीत. लग्नांचा मोसम आहे, उघड्या मैदानात रात्रीचं जेवण असेल तर लहान मुलांना आणि बुजुर्गांना लवकर वाढा, लवकर घरी पाठवा.

बागाईतदार बांधवांनी फवारणीचा निर्णय कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घेऊनच करावा. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारलं, असं नको. मच्छीमार भावांनी नौका काढण्याआधी बंदरावरचा इशारा पाहावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "महाभयंकर थंडी"च्या मेसेजपेक्षा हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज रोज बघितलेला बरा. तो मराठीतही मिळतो आणि फुकट मिळतो.

आभाळ मोकळं व्हायला दोन-तीन दिवस आहेत. यादी करायला तेवढे पुरतात.