बाकं काय सांगतात?

गेल्या शनिवारी आमची सहावी स्कूल व्हिजिट झाली. मुलगी साडेतीन वर्षांची, पण टेन्शन कॅम्पस इंटरव्ह्यूचं! नवरा एक्सेल शीट घेऊन तयार. फी, बस, एसी, सीसीटीव्ही. शीट बघून मावशी हसली. मावशी डहाणूकडच्या जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेली. म्हणाली, ''अगं, एक कॉलम राहिलाच. वर्गात मुलं बसतात कशी आणि बोलतं कोण?''

मग तिलाच सोबत नेलं. शाळा एकदम चकाचक. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'माँटेसरी'. वर्गात मात्र मुलं रांगेत बाकांवर, हाताची घडी, तोंडावर बोट. लाकडी साहित्य काचेच्या कपाटात, कुलूपबंद. ''मुलं तुकडे हरवतात हो,'' मॅडम म्हणाल्या. मावशी तिथे गप्प राहिली. गाडीत बसल्यावर मात्र तिने आमचाच तास घेतला.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशील शाळा सुरू केली. मुलांसाठी टेबलं-बाकं शोधत ते दुकानं पालथी घालत होते, पण मनासारखं काही मिळेना. शेवटी एका दुकानदाराने नेमकं ओळखलं. तुम्हाला मुलांनी काम करावं असं फर्निचर हवंय, आमच्याकडचं सगळं ऐकत बसण्यासाठी आहे! म्हणजे बघा, मूल हे रिकामं भांडं मानलं की बाकं फळ्याकडे तोंड करून लागतात आणि एकटे सर ओतत राहतात. मूल करून शिकतं असं मानलं, की खोलीचा नकाशाच बदलतो.

मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साहित्यात एक लाकडी ठोकळा असतो. दहा खाचा, दहा दट्टे, प्रत्येकाचं माप वेगळं. एखादा चुकीच्या खाचेत गेला, की शेवटचा बसतच नाही. मग मूल स्वतःच मागे जाऊन शोधतं. 'चूक!' म्हणायला बाई लागतच नाहीत. तो ठोकळा कपाटात गेला की सगळा फंडाच कुलूपबंद.

''आणि महागडं साहित्य म्हणजे माँटेसरी, असंही नाही हं,'' मावशी म्हणाली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! बिया, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल तर बदलायचं शाळेनं, हा विचार आधी आणि अंगण नंतर.

हे ऐकताना मला निळा आंबा आठवला. मागच्या महिन्यात प्लेग्रुपमध्ये लेकीने आंबा निळा रंगवला. मिस म्हणाल्या, आंबा पिवळा असतो. तेव्हापासून प्रत्येक खडू उचलण्याआधी ती विचारते, ''आई, हा चालेल?'' मी हसण्यावारी नेलं होतं. त्या दिवशी गाडीत हसू येईना. कारण साधी मेल पाठवण्याआधी मीही बॉसला हेच विचारते. ही सवय मला नक्की कुठल्या बाकावर लागली?

तेव्हा मंडळी, शाळा बघायला जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं वर्गाच्या दारात उभे राहा. जास्त कोण बोलतंय? मुलांचे हात काय करताहेत? आणि मूल चुकलं की पुढच्या मिनिटाला काय होतं?

आम्ही एक छोटी शाळा निवडलीय. बाई सतरंजीवर मुलांच्यात बसतात. एसी नाही, बस नाही, ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं. नवऱ्याची शीट अजून रुसलेली आहे.

काल लेकीने हत्तीसाठी हिरवा खडू घेतला. ''आई, चालेल?'' मी 'हो' म्हणणार होते, पण थांबले. ''तुला काय वाटतं?'' असं विचारलं. ती खडू हातात धरून बराच वेळ विचार करत बसली.