सहा महिने आणि दीड हजार दिनार



दिवाळी अंकात पगाराचं काय लिहिता, अशी तक्रार घरातूनच होते. पण नरकचतुर्दशीला आधी कारीट फोडून जीभ कडू करायची आणि मगच फराळाला बसायचं, ही आपलीच रीत.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सालमियातल्या आमच्याच इमारतीतले दादा चहाला आले. मूळचे चिपळूणचे. खिशात राजीनामा. मुलीचं दहावीचं वर्ष, वहिनी गावी एकट्या. "तू एचआरमध्ये आहेस, इंग्रजी तेवढं तपासून दे."

इंग्रजी ठीकच होतं. मी विचारलं, "दादा, नोकरीला किती वर्षं झाली?"

"सव्वानऊ."

मी वही काढली. इथल्या २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे (क्रमांक ६) महिना पगारावरच्या माणसाला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी पंधरा दिवसांचा आणि पुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार इंडेम्निटी म्हणून मिळतो. कमाल मर्यादा दीड वर्षाचा पगार. कंपनीनं काढलं तर पूर्ण. पण बेमुदत करारात आपण होऊन सोडलं तर तीन वर्षांच्या आत काही नाही, तीन ते पाचमध्ये निम्मी, पाच ते दहामध्ये दोन तृतीयांश. दहा भरली की सगळी.

दादांचा पगार ५२० दिनार. २६ ने भागून दिवसाचे २०. तीन महिन्यांची नोटीस धरून ते साडेनऊ वर्षांवर सुटणार. पहिल्या पाच वर्षांचे १,५००, पुढचे २,३४०, एकूण ३,८४०. त्यातले हातात २,५६०. दहा वर्षं भरली तर पुरे ४,१००. फरक १,५४० दिनारचा!

दादा गप्प. आज कागद दिला तर डिसेंबरात घरी, परीक्षेच्या आधी. थांबले तर जून.

मी वही का काढली तेही सांगतो. जुन्या नोकरीत एका सुताराचा राजीनामा माझ्या टेबलावर आला होता. दहा वर्षांना दोन महिने कमी. हिशेब फिल्सपर्यंत बरोबर केला, सही घेतली, आणि बोललो काहीच नाही. जाताना त्यानं माझे आभार मानले.

म्हणून आणखी थोडं. हिशेब नुसत्या बेसिकवर होऊ देऊ नका, करारातले नियमित भत्तेही पगारातच येतात. लग्नानंतर वर्षाच्या आत नोकरी सोडणाऱ्या मुलीला पूर्ण इंडेम्निटी मिळते, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. घरकामाच्या बायकांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांचा २०१५ चा वेगळा (क्रमांक ६८), त्यात वर्षाला एक महिन्याचा पगार. आणि दावा करायचा तर करार संपल्यापासून एका वर्षाच्या आत. पहिली तक्रार मनुष्यबळ प्राधिकरणाकडे.

दादांनी वहिनींना फोन लावला, तसा मी गॅलरीत गेलो. परत आलो तर राजीनाम्यावरची तारीख पेनानं खोडलेली होती. नवी अजून घातली नव्हती.