हळहळ पुरे, प्रश्न विचारा

वरळीच्या बीडीडी चाळी पडू लागल्यापासून परदेशातल्या मराठी मंडळींचा गळा दाटून आलाय. 'तो कॉरिडॉर गेला, तो शेजार गेला!' हे लिहिणारे किती जण पहाटे तिथल्या सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिले आहेत?

१९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. कॉरिडॉरमध्ये माणसं जमायची, कारण आत मावत नव्हती. आता तिथल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय. ते काय आपल्या आठवणींसाठी नाकारायचं?

भिंतींसाठी रडू नका, जमायच्या जागांसाठी भांडा. जिथे सभा गाजल्या, दहीहंड्या फुटल्या, ते जांबोरी मैदान सगळ्यांना खुलं राहणार ना? टॉवरमध्ये म्हाताऱ्यांना टेकायला कट्टा आहे का? लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा देखभाल खर्च पेन्शनीवर जगणाऱ्या आजींना किती वर्षं झेपेल? नाही झेपला, तर त्या घर विकून विरारच्या पुढे जातील आणि शेजार तेव्हा खरा मोडेल.

त्या दिवशी आपल्यातलं कोणी हळहळणार आहे का? की तेच घर गुंतवणूक म्हणून विकत घेणार आहे?