सराव घड्याळाने मोजला, वस्ती कोणी मोजायची?

अणुवीज केंद्रांच्या परिसरात दर दोन वर्षांनी एक सरकारी कार्यक्रम होतो. केंद्रात मोठा अपघात झाला, किरणोत्सर्ग कुंपणाबाहेर आला, असे गृहीत धरायचे आणि आजूबाजूच्या गावांना वाचवण्याची रंगीत तालीम करायची. कागदावर याला केंद्राबाहेरील आणीबाणीचा सराव म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळींची बातमी येते, 'सराव यशस्वी'. यशस्वी हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले, हे त्या तीन ओळींत कधीच नसते.

असा एक सराव आम्ही जवळून पाहिला आहे. कोणते केंद्र, कोणता तालुका हे येथे सांगत नाही, कारण दोष एखाद्या तहसीलदाराचा नाही. आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलाकरवी निरोप गेला होता. सकाळी साडेदहाला लाऊडस्पीकर लावलेली जीप गावात आली. शाळेच्या पटांगणात सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाया आणि शाळेची मुले जमली. पांढरे अंगरखे घातलेले कर्मचारी हातातले यंत्र मुलांच्या अंगावरून फिरवत होते. आयोडिनच्या गोळ्यांचे पाकीट हातात धरून दाखवण्यात आले. एसटीच्या दोन गाड्या भरल्या, पुढच्या गावापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दुपारच्या जेवणाआधी सगळे आटोपले.

गावाच्या डांबरी रस्त्यापासून ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती आहे आणि तिच्याही पुढे आदिवासींची घरे. जीप ओढ्यापर्यंत गेली आणि तेथून वळली. संध्याकाळी आम्ही वस्तीत गेलो तेव्हा एका आजीबाईंनी विचारले, "आज गावात मंत्री आला होता का, बाबा?" त्या सरावाचे खरे मूल्यमापन या एका प्रश्नात झाले. पण तो लिहून घ्यायला निरीक्षकांच्या तक्त्यात रकाना नव्हता. आम्हाला पाहायला मिळालेल्या त्या तक्त्यात वेळा होत्या. सूचना किती वाजता मिळाली, जीप किती वाजता निघाली, गाड्या किती वाजता पोहोचल्या. घड्याळ सर्वत्र होते. वस्ती कुठेच नव्हती.

नियम काय सांगतो ते पाहू. आपल्याकडे अणुकेंद्रातील आणीबाणीच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: संयंत्रापुरती, केंद्राच्या आवारापुरती आणि आवाराबाहेरची. पहिल्या दोन पायऱ्या केंद्राच्या व्यवस्थापनाने सांभाळायच्या. तिसरी आली की जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंतचा टापू आणीबाणीच्या नियोजनासाठी धरला जातो. या टापूत लोकांना घरातच थांबवणे, आयोडिनच्या गोळ्या देणे, बाहेर काढणे, शिबिरात ठेवणे ही सगळी कामे महसूल, पोलीस, आरोग्य आणि एसटीची आहेत. म्हणजे अणुभट्टी कितीही आधुनिक असली तरी शेवटच्या माणसाचा जीव तलाठ्याच्या यादीवर अवलंबून आहे. आणि तलाठ्याची यादी कशी तयार होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हे आमचे एकट्याचे मत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांचा अणुऊर्जा नियामक मंडळावरील अहवाल संसदेत ठेवला गेला. अपघाताचे परिणाम केंद्राबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचतील अशा प्रसंगासाठीही तयारी अपुरी असल्याचे सरावांतून दिसते, असे त्यात नोंदवले आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. सरावात त्रुटी आढळल्या तरी त्या दुरुस्त करायला लावण्याचा अधिकार मंडळाकडे नाही, असेही महालेखापरीक्षकांनी म्हटले. परीक्षक पेपर तपासतो, चुकांवर लाल खूण करतो, पण विद्यार्थ्याला नापास करू शकत नाही! १९८३ साली सरकारी आदेशाने स्थापन झालेले हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते आणि त्या आयोगाचे अध्यक्षपद अणुऊर्जा खात्याच्या सचिवांकडे असते. केंद्रे चालवणारे महामंडळही त्याच खात्याचे. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होता येत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणु-नुकसानभरपाईचा कायदा मोडीत काढून खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडणारा हा कायदा आहे. त्यात नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे, ही चांगली गोष्ट, ती नाकारण्याचे कारण नाही. पण सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क २०१० च्या कायद्यातील कलम १७(ब) ने दिला होता, तो मात्र नव्या कायद्यात उरला नाही. नाव शांती, भोपाळच्या गल्ल्यांत जाऊन हे नाव उच्चारून पाहावे. खासगी कंपनी केंद्र चालवू लागेल तेव्हा सरावाचा खर्च कोण करणार आणि सरावात नापास झाल्यावर भट्टी बंद ठेवण्याची हिंमत कोण करणार, हा प्रश्न आता आणखी टोकदार झाला आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न तारापूरचा आहे. तेथील पहिली दोन युनिटे १९६९ पासूनची, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची, उकळत्या पाण्याच्या प्रकारातील. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीहूनही जुनी. तिसरे आणि चौथे युनिट २००५-०६ मध्ये सुरू झाले आणि त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवली गेली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तोपर्यंत सुमारे ४५ वर्षे या केंद्राच्या आणीबाणीचे सूत्रधार जिल्हाधिकारी ठाण्याला बसत होते.

या १६ किलोमीटरच्या टापूत कोण राहते? किनाऱ्यावर मच्छीमार. आत वारली, मल्हार कोळी, कातकरी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. गावागावांतली बौद्धवस्ती. आणि हंगामात वीटभट्टीवर आलेली कुटुंबे, ज्यांचे नाव ना येथल्या मतदार यादीत, ना येथल्या रेशनकार्डावर. आता सरावातला पहिला आदेश घ्या: घरात जा, दारे-खिडक्या बंद करा. पक्क्या भिंतीच्या घरात या आदेशाला अर्थ आहे, वीट आणि काँक्रीट किरणोत्सर्ग बऱ्याच प्रमाणात अडवतात. कारवीच्या कुडाला शेणमातीने सारवलेल्या झोपडीत, जिच्या फटींतून वारा खेळतो, तिथे हा आदेश म्हणजे थट्टा आहे. भट्टीवरच्या पालाला तर दारच नसते. एकच आदेश, पण घर पाहून जीव वाचणार. असा आदेश समान कसा म्हणायचा?

दुसरा आदेश आयोडिनच्या गोळीचा. ही गोळी थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ती संसर्गाच्या आधीच्या २४ तासांपासून नंतरच्या २ तासांपर्यंत घेतली तर उत्तम, फार तर ८ तासांपर्यंत उपयोगी. सर्वांत आधी ती मुलांना आणि गरोदर बायांना मिळाली पाहिजे. तेव्हा गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहेत की नाहीत, एवढे तपासून भागत नाही. रात्री दोन वाजता, पावसात, ओढ्याला पाणी असताना त्या पाड्यावरच्या पोराच्या तोंडात कधी पडतील हे तपासायचे असते. आम्ही पाहिलेला सराव कोरड्या हवेत, दिवसाउजेडी, रविवार सोडून झाला.

संकट सर्वांना समान असते, ही समजूत २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने खोटी ठरवली आहे. त्या सकाळी कल्पाक्कमच्या अणुकेंद्राच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले. भट्टी सुरक्षित बंद झाली, पण केंद्राच्या वसाहतीत माणसे वाहून गेली. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला नागपट्टिनम जिल्ह्यात काय घडले? दलितांना मदत छावण्यांतून हुसकावले गेले, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, मदतीच्या यादीत त्यांची नावे मागे पडली. आणि कुजलेले मृतदेह उचलण्यासाठी मात्र दुसऱ्या शहरांतून दलित सफाई कामगार आणले गेले. लाटेने जात पाहिली नाही, छावणीने पाहिली.

त्यानंतर वर्षभरात, २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यातले कलम ६१ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. आपत्तिग्रस्तांना मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. कलम आहे, पण त्याचा सराव कधी झाला? शिबिर कोणाच्या वाड्यात, कोणत्या मंदिराच्या सभागृहात ठरवले आहे? तिथे पाण्याला कोण हात लावणार? अंगावरची किरणोत्सारी धूळ धुण्याची जागा आखलेली असते, पण ते दूषित पाणी आणि कपडे उचलणारा कोण असेल, त्याला हातमोजे, मुखपट्टी आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला मिळेल का? आपल्या नगरपालिकांचे सफाई कामगार गटारात कसे उतरवले जातात हे पाहिले की उत्तर मिळते. जपानसारख्या श्रीमंत देशातही फुकुशिमाच्या परिसराची सफाई करायला ठेकेदारांनी सेंदाई रेल्वे स्थानकावरची बेघर माणसे गोळा केल्याचे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये उघड केले होते.

फुकुशिमातही सराव होत होते. ११ मार्च २०११ च्या रात्री ९ वाजून २३ मिनिटांनी केंद्रापासून ३ किलोमीटरच्या आतल्या लोकांना बाहेर पडण्याचा आदेश निघाला, तेव्हा यजमान गावातल्या फक्त २० टक्के लोकांना अपघात झाल्याचे माहीत होते, असे जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये लिहिले. नामिए गावचे लोक वारा ज्या दिशेने किरणोत्सर्ग नेत होता त्याच दिशेला, त्सुशिमाला जाऊन थांबले. अंदाज करणारी यंत्रणा होती, तिचा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत आला नाही. फुताबा रुग्णालयातील आणि शेजारच्या वृद्धाश्रमातील चाळीसहून अधिक माणसे स्थलांतराच्या ओढाताणीत व त्यानंतर दगावली. किरणोत्सर्गाने नव्हे, ढिसाळ गाड्या आणि तुटलेल्या निरोपांनी.

अमेरिकेचे उदाहरण वेगळ्या कारणाने सांगतो. २८ मार्च १९७९ च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर तेथे केंद्राबाहेरच्या सरावाचे मूल्यमापन आपत्ती यंत्रणेकडे दिले गेले आणि त्याचे अहवाल लोकांना वाचायला मिळतात. न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट केंद्राबाबत त्या यंत्रणेचे माजी प्रमुख जेम्स ली विट यांनी २००३ मध्ये अहवाल दिला. येथले नियोजन नियमांची पूर्तता दाखवण्यासाठी आहे, माणसांना किरणोत्सर्गापासून वाचवण्यासाठी नाही, असा त्याचा रोख होता. मग भोवतालच्या चार काउंटींनी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांनी, योजना ठीक असल्याच्या वार्षिक दाखल्यावर सही करायचे नाकारले. केंद्र सरकारने त्याच वर्षी योजना मंजूर केलीच, तरी नकार नोंदला गेला. ते केंद्र २०२१ मध्ये बंद झाले. आपल्याकडे नकार नोंदवायला जागाच नाही. ग्रामसभेची सही कोणी मागत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही विजेच्या विरोधात आहात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर वीज आणि पाटबंधाऱ्यांचे काम पाहत होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. आम्ही तिच्यापासून तसूभरही हटलेलो नाही. तारापूरची वीज मुंबईच्या आणि गुजरातच्या कारखान्यांना मिळाली म्हणून आमची तक्रार नाही. केंद्राच्या भिंतीला लागून असलेल्या पाड्यावर वीज सर्वांत शेवटी यावी आणि धोका सर्वांत आधी यावा, ही तक्रार आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सरावाची तारीख एकदा तरी आधी न सांगता ठरवावी, आणि एक सराव पावसाळ्यात, रात्री घ्यावा. निरीक्षकांच्या तक्त्यात प्रत्येक वस्ती, पाडा, भट्टी आणि कामगारांची चाळ नावानिशी असावी आणि तिथपर्यंत निरोप पोहोचला का, हे त्या वस्तीतल्याच माणसाने लिहावे, त्याचा अंगठा असला तरी चालेल. निरीक्षकांत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी आणि बाया असाव्यात. कलम ६१ चा वेगळा रकाना असावा. अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. सुरक्षेच्या नावाखाली तो दडपला जाईल हे आम्ही जाणून आहोत. पण भट्टीची रचना गोपनीय असेल, एसटी कोणत्या थांब्यावर उभी राहील हे गोपनीय असू शकत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला भाग द्यावाच लागतो. आपत्ती कायद्याप्रमाणे जिल्ह्याची योजना दरवर्षी तपासून अद्ययावत करायची असते, तिची प्रतही मागता येते. तारापूर, काक्रापार, कैगा या केंद्रांभोवतीच्या आमच्या कार्यकर्त्यांनी हे अर्ज या महिन्यात टाकावेत. फी नाममात्र आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही.

ज्या सरावाची हकिगत आरंभी सांगितली, त्याचा अहवाल आम्ही माहिती अधिकारात मागितला आहे. ओढ्यापलीकडच्या वस्तीचे नाव त्यात किती वेळा आले, ते हातात पडल्यावर याच स्तंभात छापू.