अणुकचऱ्याच्या साठवणीस ग्रामसभांची पूर्वसंमती घेणेबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : जैतापूर प्रकल्पातील वापरलेले इंधन व किरणोत्सारी कचरा यांच्या साठवणीबाबत.

महोदय,

जैतापूर प्रकल्पात माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या नियोजित आहेत. त्यांचे आयुष्य ६० वर्षांचे धरले आहे. त्यांतून निघणारे इंधन मात्र हजारो वर्षे किरणोत्सारी राहते. वापरलेले इंधन आधी काही वर्षे आवारातल्याच पाण्याच्या टाकीत थंड करावे लागते. म्हणजे भट्टी पेटली की साठवण सुरू होते आणि भट्टी विझल्यावरही ती संपत नाही. त्यामुळे भट्टीच्या परवानगीतच साठवणीची संमती आली, असे मानता येणार नाही. या प्रकल्पाच्या २०१० च्या जनसुनावणीत हरकती नोंदवता आल्या, पण अशा हरकतींनी निर्णय अडत नाही. कुडनकुलमला वापरलेल्या इंधनाच्या स्वतंत्र साठवणीसाठी २०१९ मध्ये जाहीर झालेली जनसुनावणी पुढे ढकलली गेली, तोवर दोन भट्ट्या चालूही झाल्या होत्या. हा क्रम उलटा आहे. त्यात नकाराला वावच राहत नाही.

आपल्याकडे इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, मग कचरा कुठला, असे विचारले जाते. पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत गोठवून पोलादी डब्यांत भरावा लागतो आणि ते डबे दीर्घकाळ थंड ठेवून सांभाळावे लागतात. तारापूरला हे काम चालते. विचारले तर कोणतेही गाव नाहीच म्हणेल, हा दुसरा आक्षेप. परंतु फिनलंडमधील एउरायोकीने २००० मध्ये आणि स्वीडनमधील ओस्थामारने २०२० मध्ये, कायद्याने नकाराचा अधिकार हाती असताना, भूगर्भातील साठवणीस संमती दिली. उलट अमेरिकेत नेवाडा राज्याचा नकार २००२ मध्ये काँग्रेसने डावलला आणि तेथील युक्का माउंटनचा साठवण प्रकल्प अजून अडलेला आहे. खडक योग्य की अयोग्य हे तज्ज्ञांनीच सांगावे. पण साठवणीचा धोका पुढच्या पिढ्यांच्या माथी मारायचा की नाही, हे तिथे राहणाऱ्यांना विचारूनच ठरले पाहिजे.

सबब आमच्या मागण्या :

१. किती टन इंधन, कोठे, किती वर्षे ठेवणार व कोणत्या मार्गाने हलवणार, याचा आराखडा बांधकामापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावा.

२. माडबन, मिठगवाणे व मच्छीमारांचे साखरी नाटे यांसह परिसरातील ग्रामसभांचे गुप्त मतदानाने झालेले ठराव बंधनकारक मानावेत.

३. आराखडा तपासण्यासाठी ग्रामसभांनी निवडलेल्या तज्ज्ञांचा खर्च शासनाने करावा.

४. साठवणीची मुदत वा प्रमाण वाढवताना पुन्हा संमती घ्यावी.

वरील मागण्यांवर मुद्देसूद लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
प्रकल्प परिसरातील ग्रामस्थ