तेजोमेघ आणि फिल्टर

घरात दुर्बीण आली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, “खोक्यावर छापलाय तसा गुलाबी ढग कुठंय?” आमच्याकडेही तेच झाले. पगारातून वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांची ही दुर्बीण, सत्तर मिलिमीटर भिंगाची. गच्चीवर नेली आणि मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या बाणापासून जरा दक्षिणेला रोखली. धाकट्याने डोळा लावला न लावला तोच म्हणाला, “पप्पा, काच पुसा, धुरकट दिसतंय.” तो धूर म्हणजेच तेजोमेघ!

दुकानदार म्हणाला, फिल्टर लावा, उजळ दिसेल. दुर्बिणीच्या निम्म्या किमतीचा फिल्टर आम्ही घेतला, आणि दृश्य उलट काळोखे झाले. घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

चूक आमच्या समजुतीत होती. फिल्टर प्रकाश वाढवत नाही, नको तो अडवतो. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा सप्तरंगी पट्ट्याऐवजी मोजक्या हिरवट रेषाच दिसल्या. त्यांतली ठळक रेषा कशाची हे कळायला १९२७ साल उजाडले. आयरा बोवेन यांनी ती ऑक्सिजनची असल्याचे दाखवले. ही रेषा ५०१ नॅनोमीटरची, तिची जोडीदार ४९६ची, आणि जवळच हायड्रोजनची ४८६ची. ‘यूएचसी’ जातीचा फिल्टर एवढाच पट्टा आत सोडतो. ढग जवळजवळ तेवढाच राहतो, भोवतीचे आकाश काळे पडते, म्हणून त्याच्या कडा उठून दिसतात. गुलाबी रंग मात्र येणार नाही. इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. तो कॅमेऱ्याचा मान.

रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा फिल्टरचे काम सोपे होते. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, त्यातला हिरवा-निळा भाग फिल्टरमधूनही आत शिरतो.

पुढे गावी गेलो. अमावास्येच्या आसपासची रात्र. अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावू दिले, मग फिल्टर न लावताच त्या धुराला पंख फुटलेले दिसले. धाकटा नेत्रिका सोडेना. तेव्हा आधी अंधार शोधावा, तो फुकट आहे. फिल्टर नंतर, आणि तोही कुणाचा तरी मागून पाहून. घेतलाच तर पंचवीस मिलिमीटरसारख्या, कमी मोठे दाखवणाऱ्या नेत्रिकेच्या खालच्या आट्यांत बसवावा. डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये तो आत-बाहेर सरकवून पाहिला की फरक लगेच कळतो. नुसत्या ऑक्सिजनचा ‘ओ-थ्री’ फिल्टर लहान दुर्बिणीला फार काळोख करतो. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांच्याच उजेडाने चमकते, दीर्घिकांचा उजेडही ताऱ्यांचाच. तिथे कुठलाच फिल्टर विशेष कामाचा नाही.

आणि हा फिल्टर लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळा जाईल.