आपली युरोपातली राजधानी लंडन नाही, लिस्बन आहे!

मंडळी, मे महिन्याच्या युरोप टूरचं बुकिंग सुरू झालंय. स्टेशनबाहेरच्या फलकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच यादी फिरतेय. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. जाणाऱ्यांनी जरूर जावं. तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस निवृत्तीनंतर बायकोला घेऊन आयफेल टॉवरखाली फोटो काढतो, याचा मला आनंदच आहे. "एवढे पैसे कशाला उडवायचे" म्हणून टोमणे मारणाऱ्यांतला मी नाही.

माझं भांडण त्या यादीशी आहे. पालघर जिल्ह्यातल्या माणसाला युरोपातली एकच जुनी राजधानी बघणं परवडणार असेल, तर ती लिस्बन असायला हवी. आणि लिस्बनला निघण्याआधी त्याने तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम, आशेरी आणि वसई बघितलेली असायला हवी. आज यातलं काहीच होत नाही. याला तुम्ही-आम्ही जबाबदार आहोत, पण आपल्याला 'पर्यटन जिल्ह्या'ची स्वप्नं दाखवणारे जास्त जबाबदार आहेत.

आधी साधा हिशोब मांडू. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात ती घेतली. झाली २०५ वर्षं. इंग्रजांचं राज्य १८१८ पासून १९४७ पर्यंत धरलं, तर भरतात १२९ वर्षं. म्हणजे या किनाऱ्यावर लंडनपेक्षा लिस्बनचा हुकूम जास्त काळ चालला. वसई ही तर पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानीच होती. तरी आपल्या पोरांना टेम्स नदी पाठ आणि टॅगस नदीचं नाव नवीन!

पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या तोंडातून गेले नाहीत. महिन्याच्या सात तारखेला कंपनीत ज्याची वाट बघतो तो 'पगार' पोर्तुगीज. घराची 'चावी' पोर्तुगीज. बांधकामावरचं 'घमेलं', बंदरावर मासळीचा होतो तो 'लिलाव', वड्याबरोबरचा 'पाव' आणि वड्यातला 'बटाटा'सुद्धा त्यांच्याबरोबरच आले. लिस्बनच्या बाजारात 'बटाटा' म्हणालात तर दुकानदाराला कळेल. लंडनमध्ये म्हणून बघा.

आता कोणी म्हणेल, "तीनशे वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता?" तीनशे कशाला? तलासरीच्या पलीकडे दादरा-नगर हवेलीवर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा झेंडा होता. दमणवर १९६१ पर्यंत होता. आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे ही.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो. "त्यांनी देवळं पाडली, बाटवाबाटवी केली, इन्क्विझिशन लादलं. त्यांच्या राजधानीत आपले पैसे कशाला घालायचे?" आरोप खरे आहेत. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० साली सुरू झालं ते १८१२ पर्यंत चाललं. पण म्हणूनच जायचं. मात्र डोळे उघडे ठेवून आणि घरचा अभ्यास करून जायचं. जाता जाता आणखी एक. या इतिहासाचा राग वसईच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर काढणाऱ्यांनी आठवावं, की २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी भूषवलं होतं. ती माणसं आपली आहेत. हिशोब मागायचा तर लिस्बनच्या राजसत्तेकडे मागा.

लिस्बनमध्ये काय दिसतं? बेलेम भागात जेरोनिमोस मठ आहे. बांधकाम १५०१ ला सुरू झालं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. खर्च कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून. म्हणजे आपल्याकडच्या व्यापारावर त्या कमानी उभ्या आहेत. वास्को द गामाची कबर त्याच चर्चमध्ये आहे. जवळच नदीकाठी दर्यावर्दी 'शोधकां'चं ५२ मीटर उंच स्मारक आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत ते १९६० साली पक्क्या दगडात उभं राहिलं, गोवा मुक्त व्हायच्या आदल्याच वर्षी. त्यावर राजे, खलाशी, पाद्री, नकाशे काढणारे असे सगळे दिमाखात उभे आहेत. ज्यांच्या गावांत ते उतरले, त्या गावांची बाजू तिथे दिसत नाही.

ती बाजू आपल्याकडे आहे. केळवे-माहीमच्या नावाची 'महिकावतीची बखर' आपल्याकडे आहे. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. तारापूरचा किल्ला आपल्याकडे आहे. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला, तेव्हा बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. थोरल्या बाजीरावांनी त्यांच्या आईला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र इतिहासात प्रसिद्ध आहे. तारापूर म्हटलं की देशाला अणुऊर्जा केंद्र आठवतं. ते आठवायलाच हवं, १९६९ पासून तिथे वीज तयार होतेय. पण त्याच गावाच्या तटाखाली कोण पडलं, हे बोईसरच्या किती कॉलेजकुमारांना सांगता येईल? विचारून बघा.

नुसते दगड म्हणून बघितलं तरी आपलं पारडं हलकं नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला. मागून समुद्र आत आला, मग आगी लागल्या. नदीकाठचा राजवाडा, त्यातला ग्रंथसंग्रह, हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, सगळं गेलं. शहराचा मध्यभाग पोम्बालने नव्याने, सरळ रेषेत आखून बांधला. म्हणजे आज टूरवाले जो मध्यभाग फिरवतात तो चिमाजी अप्पांच्या विजयानंतरचा. त्याच्या आधीचे पोर्तुगीज बुरूज, चर्चच्या कमानी, कोरलेले दगड वसईच्या किल्ल्यात आजही उभे आहेत. लिस्बनमध्ये जे राजचिन्ह जुन्या इमारतींवर मानाने मिरवतं, तेच कोरलेला दगड आपल्या आशेरीगडावर उघड्यावर पडलाय. तिथे तिकीट, इथे झुडपं!

आणि आता येतो खऱ्या मुद्द्यावर. लिस्बनने आपली अर्धी गोष्ट नीट सांगितली आहे. तिकीट लावून, दिवे लावून सांगितली आहे. उरलेली अर्धी सांगायची जबाबदारी आपली होती. तिचं काय झालं? केळव्याचा भुईकोट सुरूच्या बनात वाळूत अर्धा बुडालाय. पाणकोटाकडे ओहोटीला चालत जाता येतं, पण वेळ चुकली तर जीवाशी खेळ. तारापूरचा किल्ला खाजगी मालकीचा आहे, आत वाडी आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. शिरगावच्या तटावर फांद्या फुटलेल्या ताडाशेजारी सेल्फी निघतात, आणि किल्ला कोणाकडून कोणी घेतला हे काढणाऱ्याला ठाऊक नसतं. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने कोयते-फावडी घेऊन किल्ले साफ करणारी पोरं आहेत म्हणून निदान वाटा तरी सापडतात.

जिल्हा होऊन १ ऑगस्ट २०१४ पासून किती वर्षं झाली, मोजा. कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या देखण्या इमारती झाल्या. पैसे नव्हते असं कसं म्हणणार? उत्तरेला वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. मंजुरीच्या वेळचा आकडा ७६ हजार २२० कोटींचा. बंदर हवं की नको, हा वाद आज बाजूला ठेवू. पण बंदराबरोबर रस्ते येणार, गोदामं येणार, जमिनींचे भाव चढणार. हा किनारा बदलणार आहे. बदलायच्या आधी त्याची नोंद, मोजणी आणि राखण झाली नाही, तर नंतर शोक व्यक्त करायला सगळे येतील.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे आणि जिल्हा परिषदेकडे चार मागण्या. एकही अवघड नाही.

एक : तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, आशेरी. पाचही ठिकाणी मराठीत नीट वाचता येईल असा फलक. कोणी बांधला, कोणी घेतला, कोण कामी आलं. नेत्यांचे फोटो नकोत, जागा तेवढीच वाचेल.

दोन : तारापूर किल्ल्याच्या मालकांशी सन्मानाने बोलून महिन्यातला एक रविवार लोकांसाठी खुला करून घ्या. मालमत्ता त्यांची, इतिहास सगळ्यांचा.

तीन : जिल्हा परिषदेच्या शाळांची दरवर्षी एक सहल याच किल्ल्यांवर. रिसॉर्ट आणि वॉटर पार्क पळून जात नाहीत.

चार : केळव्याच्या पाणकोटासाठी भरती-ओहोटीच्या वेळा किनाऱ्यावर रोज लावा. एक फळा आणि एक खडू पुरे.

आता तुमच्यासाठी. लिस्बनचं मनावर घेतलंत तर तयारी अशी करा. लंडन-पॅरिस एकत्र करायचं तर व्हिसे दोन लागतात, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पोर्तुगाल शेंगेनमध्ये आहे. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. मुंबईतल्या केंद्राचा खर्च वेगळा. प्रवासाचा विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी पंधरा दिवसांवर आणू नका. ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. आणि जेरोनिमोस सोमवारी बंद असतो. सोमवारी पोचून दाराचा फोटो काढून परत येऊ नका.

पण त्या अर्जाच्या आधी पाच रविवार इथे खर्च करा. पहिला तारापूर, दुसरा शिरगाव आणि माहीम, तिसरा केळवे, चौथा आशेरी, पाचवा वसई. पोरांना बरोबर घ्या. या पाच रविवारांचा खर्च व्हिसाच्या फीपेक्षा कमी येईल. मग लिस्बनच्या त्या स्मारकाखाली उभे राहाल तेव्हा गाइडला प्रश्न विचारणारे तुम्ही असाल. "हे सगळे जिथे गेले, त्यातल्या एका गावाहून आम्ही आलोय. आमच्याबद्दल इथे काय लिहिलंय?" एवढंच विचारा.

आणि तो परतीचा प्रश्न विचारेल, "तुमच्या गावात काय लिहिलंय?" त्याचं उत्तर आज आपल्याकडे नाही. ते तयार करायला लिस्बनचा व्हिसा लागत नाही. कोळगावच्या कचेरीत एक सही लागते. पोस्ट पटली तर पुढे पाठवा, आणि आपापल्या जिल्हा परिषद सदस्याला थेट पाठवा.